अर्ज रयतेचा, निकाल कुणाचा?

बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचे नाव निघाले की मराठी वाचकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, इंग्रजांनी महाराजांचा बळी घेतला आणि बडोद्याच्या रेसिडेन्सीत जमलेले रयतेचे अर्ज हे सारे रेसिडेंटचे कारस्थान होते. दुसरा तट म्हणतो, राजा जुलमी होता, प्रजेनेच त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणी घातली, म्हणून त्याची पदच्युती हा प्रजेचाच कौल. मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. दोन्ही तटांनी अर्जाचा उपयोग करून घेतला. अर्ज करणाऱ्याला मात्र कुणीच विचारले नाही.

आधी पहिल्या पक्षाकडे वळू. कर्नल फेअर १८७३ च्या मार्चमध्ये बडोद्यास रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, म्हणून आला. तो हेकट आणि तापट होता. दरबाराविरुद्ध बोलणाऱ्यांना त्याने जवळ केले, त्यांची गाऱ्हाणी वर कळवली, हे सगळे खरे. पण ऐकणाऱ्याचा हेतू वाईट होता म्हणून सांगणाऱ्याचे दुःख खोटे ठरत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात कारभाराच्या चौकशीसाठी कर्नल मीडचे कमिशन बडोद्यात बसले. त्याच्यापुढे आलेले लोक काय सांगत होते? शेतकरी वाढलेल्या साऱ्याबद्दल आणि गादीवर बसल्याच्या नजराण्याबद्दल बोलत होते. सरदार आणि शिलेदार कापलेल्या नेमणुकांबद्दल, सावकार बुडालेल्या येण्यांबद्दल. आणि काही घरांतले लोक सांगत होते की आमच्या बायकामुलींना राजवाड्यात लौंडी म्हणून बळाने नेले. आपल्या घरातल्या बाईला ओढून नेल्याची गोष्ट चारचौघांत, परक्या अंमलदारासमोर बोलून दाखवणे त्या काळी काय होते, याची कल्पना करून पाहावी. रेसिडेंटला खूष करण्यासाठी आपली अब्रू कोण चव्हाट्यावर मांडतो?

याहून मोठा पुरावा दादाभाई नौरोजींचा. १८७४ मध्ये त्यांनी बडोद्याची दिवाणगिरी पत्करली. फेअरने त्यांना पावलोपावली अडवले, म्हणजे ते काही फेअरचे माणूस नव्हते. तरीही राज्यकारभार सुधारलाच पाहिजे, हे धरूनच ते कामाला लागले होते. फेअरशी भांडणारा दिवाणही जे दुखणे मान्य करतो, ते फेअरने निर्माण केलेले कसे म्हणावे?

आता दुसरा पक्ष. अर्ज झाले, राजा गेला, म्हणून अर्जदारांना तेच हवे होते, हा तर्क घटनाक्रमापुढे टिकत नाही. मीड कमिशनच्या अहवालानंतर, १८७४ च्या जुलैत, सरकारने महाराजांना कारभार सुधारण्यासाठी सतरा महिन्यांची मुदत दिली. ती १८७५ अखेर संपणार होती. २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता धाडून फेअरला हलवण्याची मागणी केली. ९ नोव्हेंबरच्या सकाळी फेअरने नेहमीच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, चव बिघडलेली लागली म्हणून उरलेले ओतून दिले आणि पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे सांगण्यात आले आणि विषप्रयोगाचा आरोप महाराजांवर आला. व्हाइसरॉयने फेअरला हलवले खरे, पण जानेवारीत महाराजांना अटक झाली. विषाच्या आरोपाच्या चौकशीला सहा जण बसले. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी धरले. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना आरोप सिद्ध झाल्याचे पटले नाही.

मग एप्रिल १८७५ मध्ये सरकारने काय केले? विषाचा आरोप बाजूला ठेवला आणि गैरकारभाराचे कारण पुढे करून महाराजांना पदच्युत करून मद्रासला पाठवले. गैरकारभार सुधारण्यासाठी जी मुदत दिली होती, ती संपायला अजून आठ महिने होते! रयतेने सारा उतरवा म्हटले होते, नेमणुका द्या म्हटले होते, आमची माणसे परत करा म्हटले होते. त्या कागदांवर सरकारने आपला निकाल लिहिला आणि खाली रयतेचे नाव घातले.

तिसराही एक पक्ष आहे, आजचा. तो म्हणतो, अर्जविनंत्यांनी काय होते? पण १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचा पायाच लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र हा होता. सभासद होऊ पाहणाऱ्याला आधी लोकांनी आपला मुखत्यार नेमावे लागे. मल्हाररावांच्या प्रकरणात याच सभेने त्यांच्या बाजूने सरकारकडे शब्द टाकला. बडोद्याची रयत राजाच्या जुलमाविरुद्ध लिहीत होती आणि पुण्याची सभा परक्या सत्तेच्या मनमानीविरुद्ध. या दोन लेखण्यांत विरोध नाही. जुलूम घरचा असो की बाहेरचा, त्याविरुद्ध लिहिण्याचा हक्क एकच.

माझे म्हणणे असे, की पत्र कमजोर नसते. ज्याच्या नावे ते येते त्याच्यावर बंधन नसते, तिथे घोटाळा होतो. पहिले बंधन: लिहिले आहे तेवढेच वाचावे. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षात हेच सांगितले. आमदारांच्या पत्रात नाराजी होती, पाठिंबा काढून घेतल्याचे नव्हते. तेवढ्यावर राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे योग्य नव्हते. दुसरे: ज्याचे स्वतःचेच भांडण आहे त्याने तक्रारीचा निवाडा करू नये. फेअर हा तक्रार ऐकणाराही होता आणि दरबाराचा प्रतिपक्षही. तिसरे: दाद अर्जदाराच्या पदरात पडली पाहिजे. मल्हाररावांनंतर गादीवर आलेल्या सयाजीरावांनी महालोमहाल दौरे काढून लोकांची गाऱ्हाणी ऐकली, पुढे धारासभा स्थापली. बडोद्याच्या रयतेने १८७३ मध्ये मागितले होते ते असे राज्य.

म्हणून आजही राज्यपालांकडे किंवा मंत्र्याकडे सह्यांचे गठ्ठे निघतात तेव्हा किती सह्या जमल्या, यावर थांबू नये. त्या पत्राला उत्तर कुणी दिले, काय दिले आणि सही करणाऱ्याच्या हाती काय आले, हे विचारत राहावे. ते विचारले नाही तर आपल्या सहीवर दुसरेच कुणी आपला निकाल लिहितील.