जामीन कोण राहिलं, ते आधी सांगा

कोल्हापूरने हिटलरच्या तावडीतून पाच हजार ज्यू वाचवले, असा मेसेज आपल्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली झेंडे, हात जोडलेले. फॉरवर्ड करण्याआधी दोन मिनिटं वाचा.

वळिवड्याची छावणी खरी आहे. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलं जास्त. कोल्हापूरकरांनी त्यांना जीव लावला, तेही खरं. पण ते बहुतेक कॅथलिक होते. आणि त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडे नेलं ते स्टालिनने, हिटलरने नव्हे.

मग ज्यूंना कोणी हात दिला? जर्मनी-ऑस्ट्रियातून सुटलेले काही जण मुंबईला उतरले. ब्रिटिश सरकारने दार सताड उघडं ठेवलं नव्हतं. पोट कोण भरणार, नोकरी कोण देणार, हे आधी विचारलं जायचं. १९३४ मध्ये मुंबईत ज्युइश रिलीफ असोसिएशन निघाली आणि तिने अनोळखी माणसांची हमी घेतली. लुधियानाचे कुंदनलाल गुप्ता १९३८ मध्ये उपचारासाठी व्हिएन्नाला गेले होते. तिथल्या ज्यूंना त्यांनी नोकरीची पत्रं दिली. त्यावर पाच कुटुंबांना व्हिसा मिळाला.

१९३९ ला युद्ध पेटलं. पासपोर्ट जर्मन, म्हणून यातल्या अनेकांना 'शत्रू' ठरवून डांबलं, आपल्या नगरलासुद्धा. त्यांच्या सुटकेसाठीही त्याच असोसिएशनने खटपट केली.

आपल्या भाषेत याला जामीन राहणं म्हणतात. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून हात पोळलेली घरं खान्देशात कमी नाहीत. बाप पोराला सांगतो, बाबा, कुणाला जामीन राहू नको. ही माणसं तर नाव-गाव माहीत नसलेल्यांना जामीन राहिली!

कुणी म्हणेल, भाऊ, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. अजिबात नाही. बाहेरचे डॉक्टर आले तर आपल्या डॉक्टरांचं काय, ही ओरड तेव्हाही झाली. आणि त्याच बाहेरच्यांपैकी वाल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराच्या नावावर आकाशवाणीची ती सुरुवातीची धून आहे, जी ऐकत आपल्या दोन पिढ्या उठल्या.

आता आपलं बघा. एमआयडीसीत कामाला आलेला परप्रांतीय पोरगा खोली मागतो. आपण आडनाव विचारतो, मग म्हणतो, 'खोली गेली.' केळी कापायला आलेल्या मजुराचं लेकरू शाळेत घालायचं, तर ओळख द्यायला कुणी पुढे येत नाही. चौकशी जरूर करा, कागद तपासा, पोलिसांत भाडेकरूची नोंद करा. पण त्यानंतर तरी सही करा ना! दुसऱ्यांनी घेतलेल्या जोखमीवर आपण किती दिवस छाती फुगवायची?

तुमच्या गल्लीत कुणी परक्यासाठी अशी सही केली असेल, तर तो किस्सा खाली लिहा. तो मी आनंदाने फॉरवर्ड करीन.