सर्व्हरच्या दारावर अहोरात्र टकटक

एखादा नवा लिनक्स सर्व्हर भाड्याने घ्यावा, त्यावर अद्याप एकही संकेतस्थळ चढवू नये, त्याचा पत्ता कोणालाही सांगू नये आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोंदवही, म्हणजेच संगणकाच्या परिभाषेतील लॉग, उघडून पाहावी. 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट' ही ओळ तीत शेकडो वेळा, कित्येकदा हजारो वेळा आलेली दिसते. रूटच्या पाठोपाठ अ‍ॅडमिन, टेस्ट, गेस्ट, ओरॅकल अशा नावांची रांग लागलेली असते. या नावांची खाती त्या सर्व्हरवर बहुधा नसतातच. कोणी तरी केवळ अंदाजाने नाव आणि पासवर्ड यांच्या जोड्या लावून पाहत असते. 'ब्रूट फोर्स' या नावाने ओळखला जाणारा हा हल्ला जुना, कंटाळवाणा आणि करणाऱ्याला फारशी बुद्धी न लागणारा आहे. तरीही तो दोन दशकांहून अधिक काळ टिकून आहे, कारण तो आजही यशस्वी होतो.

'आमच्या एवढ्याशा संस्थेवर कोण कशाला हल्ला करील?' असा प्रश्न छोटे उद्योजक, शिक्षणसंस्था आणि पतसंस्थांचे चालक हमखास विचारतात. त्यात हल्लेखोर आपल्याला निवडतो, असे गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती तशी नाही. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही-४ पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये तयार केलेल्या झेडमॅप या साधनाने एकाच संगणकावरून, गिगाबिट वेगाच्या जोडणीवर, हा सारा पसारा ४५ मिनिटांच्या आत चाळता येतो, हे दाखवून दिले. एका दुपारी साऱ्या जगाची दारे ठोठावणे इतके स्वस्त झाल्यावर कोणाचे दार ठोठवावे याचा विचार करण्याची हल्लेखोराला गरजच उरत नाही.

ज्या दारावर ही टकटक चालते, ते दार खरे तर सुरक्षिततेसाठीच बसविण्यात आले होते. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावरून जाणारे पासवर्ड कोणी तरी मधल्या मध्ये टिपत असल्याचे १९९५ मध्ये उघडकीस आले. तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच ही प्रणाली लिहिली. दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी त्यापूर्वी वापरली जाणारी टेलनेट ही पद्धत पासवर्ड उघडाच पाठवीत असे. एसएसएचने तो सांकेतिक रूपात पाठविण्याची सोय केली. तिला २२ क्रमांकाचे पोर्ट मिळाले आणि आज जगातील बहुसंख्य लिनक्स सर्व्हरचा कारभार याच दाराने चालतो. चोरून ऐकणाऱ्याचा बंदोबस्त या प्रणालीने चोख केला. परंतु समोर येऊन अचूक पासवर्ड सांगणारा खरा मालक आहे की अंदाज करणारा चोर, हे तिला केवळ पासवर्डवरून ओळखता येणे शक्य नाही.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. इंग्रजीतील २६ लहान अक्षरांतून कोणतीही आठ, कशीही जुळवली, तर सुमारे २० हजार ८८२ कोटी पासवर्ड तयार होतात. सेकंदाला दहा या वेगाने ते सारे तपासायचे म्हटले तर साडेसहाशेहून अधिक वर्षे लागतील. म्हणजे शब्दशः 'ब्रूट फोर्स' करून जाळ्यावरून कोणाचाही सर्व्हर फुटण्याची शक्यता नगण्यच. हल्लेखोरही असला खुळेपणा करीत नाहीत. त्यांच्याजवळ यादी असते आणि ती माणसांच्या सवयींवरून तयार झालेली असते. १२३४५६, अ‍ॅडमिन१२३, कंपनीचे नाव आणि त्यापुढे चालू वर्ष, अशा नेहमीच्या हजार शब्दांना त्याच वेगाने अवघी १०० सेकंद पुरतात. साडेसहाशे वर्षे आणि १०० सेकंद यांतील अंतर यंत्राने नव्हे, आपल्या आळसाने कमी केलेले आहे.

या यादीचा हिशेब किती फायद्याचा ठरतो, याची उदाहरणे आहेत. सिस्को कंपनीची टॅलोस ही सुरक्षा शाखा आणि लेव्हल थ्री ही दूरसंचार कंपनी यांनी एप्रिल २०१५ मध्ये एका टोळीची माहिती जाहीर केली. तीन लाखांहून अधिक पासवर्डांची यादी घेऊन ही टोळी केवळ रूट खात्यावर मारा करीत होती, आणि काही वेळा तर साऱ्या इंटरनेटवरील एसएसएच वाहतुकीचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा तिचा एकटीचा असे. फुटलेल्या सर्व्हरवर ती आपले सॉफ्टवेअर बसवी आणि तो इतरांवर मारा करण्यासाठी जुंपी. पुढच्याच वर्षी आलेल्या मिराईने तर यादी आणखी आखूड केली. एसएसएचऐवजी जुन्या टेलनेटच्या दाराने शिरणाऱ्या या प्रणालीजवळ नाव-पासवर्डाच्या जेमतेम साठेक जोड्या होत्या. परंतु लिनक्सवरच चालणारे कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून याच पासवर्डांसह बाहेर पडत असल्यामुळे तेवढ्या जोड्यांवर लाखो उपकरणे ताब्यात आली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील डिन या कंपनीच्या यंत्रणेवर त्यांचा मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. हे सारे उभे करणाऱ्या तीन तरुणांनी डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला.

यावर सर्वाधिक सुचविला जाणारा उपाय म्हणजे फेलटूबॅन. २००४ पासून उपलब्ध असलेले हे मोफत सॉफ्टवेअर लॉग वाचत बसते आणि एकाच आयपी पत्त्यावरून वारंवार चुकीचे पासवर्ड आले की तो पत्ता काही काळ बाहेर ठेवते. त्याचा मूळ नियम दहा मिनिटांत पाच चुका झाल्यास दहा मिनिटे बंदी, असा आहे. उपाय वाईट नाही. सर्व्हरवरचा निष्कारण भार त्याने कमी होतो. तथापि त्याला सुरक्षा म्हणणे धाडसाचे होईल. हल्लेखोराजवळ दहा हजार बळकावलेले संगणक आहेत आणि प्रत्येक संगणक दहा मिनिटांत चारच प्रयत्न करून थांबतो, असे समजा. एकही पत्ता बंदीच्या जाळ्यात सापडत नाही, आणि तीन लाखांची यादी सव्वा तासात संपते! ही केवळ कल्पना नव्हे. प्रत्येक पत्त्यावरून एखाददुसराच प्रयत्न करणारे असे विखुरलेले, संथ हल्ले २००८ च्या अखेरीपासून नोंदले गेले आहेत. शिवाय आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचे असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. त्यातला एक पत्ता बंद केला की चोराबरोबर स्वतःचाच कर्मचारी बाहेर राहण्याची वेळ येते. आणि तो चोराचा पत्तासुद्धा बहुधा चोराचा नसतोच. दूरच्या कोणा बेसावध दुकानदाराच्या कॅमेऱ्याचा असतो.

पोर्ट २२ बदलून भलत्याच क्रमांकावर एसएसएच चालविण्याचा सल्लाही असाच. त्याने लॉग शांत होतो, दार मजबूत होत नाही. अर्थात, शांत लॉगचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. हजारो 'फेल्ड' ओळींच्या गर्दीत पहाटे तीन वाजता आलेली 'अ‍ॅक्सेप्टेड पासवर्ड' ही एकच ओळ दडून जाते, आणि खरी वाचायची असते ती हीच ओळ. फसलेले प्रयत्न मोजत बसणारे व्यवस्थापक पुष्कळ भेटतात. यशस्वी प्रवेशांची यादी रोज पाहणारे विरळा.

खरा उपाय सोपा आहे आणि तो जुनाही आहे: पासवर्डने प्रवेश देणेच बंद करायचे. एसएसएचमध्ये किल्ल्यांची जोडी वापरता येते. खासगी किल्ली आपल्या संगणकावर राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवली जाते. प्रवेशाच्या वेळी खासगी किल्लीने केलेली स्वाक्षरी सर्व्हर पडताळून पाहतो. ती किल्ली जाळ्यावरून कधी प्रवासच करीत नाही. तिचा अंदाज करणे कोणत्याही यादीच्या आवाक्यातले नाही. सर्व्हरच्या मांडणीत 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' या ओळीपुढे 'नो' लिहिले की पासवर्डाच्या यादीला काही कामच उरत नाही. हा बदल करताना आधीचे सत्र उघडे ठेवून दुसऱ्या खिडकीतून किल्लीने प्रवेश होतो का, हे पाहून घ्यावे. अन्यथा पहिला बळी स्वतःचाच जातो. ओपनएसएसएच या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीने २०१५ मध्येच रूटला पासवर्डने प्रवेश देणे मूळ मांडणीतून काढून टाकले. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ९.८ या आवृत्तीपासून वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला काही काळ रोखण्याची सोय तिच्यातच अंतर्भूत झाली आहे.

किल्ली हा रामबाण मात्र समजू नये. मे २०२० मध्ये ब्रिटन, जर्मनी, स्वित्झर्लंड आदी देशांतील महासंगणक एकापाठोपाठ एक बंद ठेवावे लागले. एडिंबरा येथील 'आर्चर'वर तर सर्व वापरकर्त्यांचे पासवर्ड आणि एसएसएच किल्ल्या रद्द कराव्या लागल्या. तेथे कोणी अंदाज केला नव्हता. चोरलेल्या ओळखीच्या आधारे हल्लेखोर राजरोस दारातून आत आले होते. म्हणूनच खासगी किल्लीला स्वतःचा सांकेतिक वाक्यांश असावा, आणि जेथे पैशांचे वा रुग्णांच्या माहितीचे व्यवहार आहेत तेथे एसएसएचचे दार सगळ्या जगासाठी उघडे न ठेवता व्हीपीएनच्या आत असावे.

या निरर्थक टकटकीचा एकदा जगाला उपयोगही झाला. मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड आपल्या संगणकावर अन्य काही मोजमापे करीत होते. चुकीच्या नावांमुळे तत्काळ नाकारले जाणारे एसएसएचचे प्रवेशसुद्धा प्रोसेसरचा अवाजवी वेळ खात आहेत, असे त्यांच्या लक्षात आले. त्या धाग्याने जाताना एक्सझेड या लिनक्सवर सर्वत्र असणाऱ्या संकुचन-प्रणालीत कोणी तरी मोठ्या चिकाटीने पेरलेला चोरदरवाजा सापडला. तो बहुतेक सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधीच रोखला गेला.

तंत्र उपलब्ध आहे, मोफत आहे, पंधरा मिनिटांत बसविता येते. मग अडते कोठे? आपल्याकडील मध्यम आकाराच्या संस्थांत सर्व्हर ही कोणाचीच जबाबदारी नसते. संकेतस्थळ करून देणारा कंत्राटदार सर्व्हर घेतो, सोपासा पासवर्ड ठेवतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवरून तिघांना पाठवितो आणि देयक मिळाल्यावर पुढच्या कामाला लागतो. संस्थेच्या लेखी काम पूर्ण झालेले असते. सर्व्हरवर बळकावणाऱ्याने आभासी चलनाचे उत्खनन सुरू केले, तर महिनाअखेरीस 'संकेतस्थळ हळू चालते' एवढीच तक्रार होते.

कायद्याने या संस्थांवर ओझे टाकलेले आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार संगणकात अनधिकृत प्रवेश झाल्याचे लक्षात येताच सहा तासांत कळविणे आणि लॉग १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेचे वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु ज्या संस्थेला आपल्या सर्व्हरचा लॉग कोठे असतो हेच ठाऊक नाही, तिने सहा तासांत काय कळवावे? दंडाचा आकडा मोठा ठेवण्यापेक्षा सरकारी आणि निमसरकारी कंत्राटांत चार साधी कलमे घालणे अधिक परिणामकारक ठरेल: पासवर्डने प्रवेश बंद, प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र किल्ली, सर्व किल्ल्यांची यादी संस्थेच्या ताब्यात, आणि काम संपल्याच्या दिवशी कंत्राटदाराची किल्ली रद्द. यांतील शेवटचे कलम सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. जुना नोकर गेल्यावर घराचे कुलूप बदलणाऱ्या गृहस्थाच्या कार्यालयातील सर्व्हरवर तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाची किल्ली आजही चालते, आणि ती तेथे आहे हे फक्त त्या मुलालाच ठाऊक असते.