बाटलीची लाज

इंदापूरच्या आमच्या खाला कित्येक वर्षे मधुमेही. पण लघवीची बाटली घेऊन एस.टी.ने बारामतीला जायचे म्हटले की म्हणायच्या, "नापाक चीज पिशवीत कशी न्यायची?" शेवटी नमुना तिथेच देता येतो हे कळल्यावर आमच्यासोबत आल्या. रिपोर्टात प्रथिने निघाली आणि खाला रडू लागल्या.

आम्ही समजावले, लघवीत प्रथिने निरोगी माणसाच्याही असतात. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. तरीही दिवसभराच्या लघवीत १५० मिलिग्रॅमपर्यंत प्रथिने जाणे सर्वसाधारण मानतात. त्यांत सर्वांत जास्त असते युरोमोड्युलिन. ते मूत्रपिंडातच तयार होते आणि जंतुसंसर्गापासून मूत्रमार्गाचे रक्षण करते. २००६ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दहा निरोगी माणसांच्या लघवीत १,५४३ प्रथिने ओळखली. निरोगीपणा नीट कळला तरच आजार लवकर ओळखता येतो, म्हणून हा अभ्यास.

प्रश्न असतो तो अल्ब्युमिनचा. ते प्रमाणाबाहेर गेले तर मूत्रपिंडाची चाळणी सैल पडू लागली असे समजावे. मात्र ताप, जंतुसंसर्ग किंवा दमवणारे काम यांनीही ते तात्पुरते वाढते, म्हणून तपासणी पुन्हा करतात. खालांची पुन्हा केली. अल्ब्युमिन थोडे वाढलेलेच निघाले. पण वेळीच कळल्याने औषधे बदलली.

हात धुतले की पाकी होते; बिघडलेले मूत्रपिंड मात्र तसे परत येत नाही. घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा ही तपासणी कराच.