दुखणे आणि खाडा

पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या चौंडीचा तालुका जामखेड. येथील अनेक जोडपी दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. हंगामभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या. ना पडझड, ना मार. तरी कंबर धरते, गुडघे सुजतात. दिवसा दवाखाना गाठावा, तर मुकादम खाडा लावतो. म्हणून अपघात न होताही रात्री अपघात विभागाचे दार ठोठवावे लागते. ‘एवढ्याशा दुखण्याला ही काय वेळ?’ असे खेकसणाऱ्यांनी हा हिशेब समजून घ्यावा. वेदनाशामक सुई घेऊन मजूर पहाटे पुन्हा फडात! त्या औषधांचा वारंवार मारा मूत्रपिंडांना व जठराला बाधतो, हे त्याला सांगणार कोण?

याच जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांतून आरोग्यसेविका घडविल्या. (दाम्पत्य ख्रिस्ती, म्हणून कामाचे मोल उणे होत नाही.) १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. अशी सेविका फडावरच्या कोप्यांत हवी. साधी कंबरदुखी ती तेथेच पाहील. तापासह सुजलेला सांधा, पायांतले गेलेले बळ किंवा अडलेली लघवी दिसताच रुग्णाला त्याच क्षणी रुग्णालयात धाडील. तिचे मानधन कारखान्यांनी द्यावे आणि उपचाराच्या दिवसाचा खाडा मुकादमाला लावू देऊ नये.