विंचवाचे बिऱ्हाड आणि साहेबांची बदली

विसरवाडीचा फाटा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको की या गावाचे सारे व्यवहार रस्त्याच्या तोंडाकडे पाहून चालतात. धुळ्याहून सुरतेस जाणारा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, कोंडाईबारीचा घाट उतरून विसरवाडीत येतो व पुढे नवापूरवरून गुजरातेत शिरतो. खानदेशातून सुरतेच्या दिशेने जे जे जाते, कापूस, भाजी, माणसे, ते याच वाटेने जाते. या रस्त्याच्या कडेला बसून बिऱ्हाडे हलताना पाहिली म्हणजे आपल्या समाजाची रचना समजावयास वेगळे ग्रंथ चाळावे लागत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात येथील एक गृहस्थ बदली होऊन गेले. केंद्र सरकारच्या नोकरीतले; सज्जन मनुष्य. सामान हलविण्यासाठी त्यांनी सुरतेहून एका पॅकर्स-मूव्हर्स कंपनीची गाडी मागविली होती. गाडीबरोबर एकसारख्या रंगाचे बनियन घातलेली चार पोरे आली. फ्रीजला फुगीर प्लास्टिकचे वेष्टन चढले, आरशाला थर्माकोलची चौकट बसली, कपबशा एकेक करून कागदात गुंडाळल्या गेल्या. खोक्यांवर क्रमांक पडले. सामानाची यादी तीन प्रतींत झाली, तीवर साहेबांची सही झाली, विम्याचा कागद झाला. चार पोरांपैकी एकाने शेजारच्या टपरीवर पाणी मागितले ते मावचीत. म्हणजे पोरगा याच तालुक्यातला. सुरतेला जाऊन तेथून परत आपल्याच मुलखातले कपाट उचलावयास आला होता.

त्या गृहस्थांवर आमचा काडीचाही आक्षेप नाही. पाठीत उसण भरेपर्यंत माणसाने स्वतःच लोखंडी कपाट उचलावे, असा समाजवादाचा दंडक नाही. शिवाय हा खर्च त्यांनी पदरचा केलेला नाही, आणि करावयासही नको होता. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने २०१७ साली काढलेल्या आदेशाप्रमाणे बदली झालेल्या कर्मचाऱ्यास मूळ वेतनाच्या ८० टक्के इतके एकत्रित बदली अनुदान मिळते. त्याखेरीज सहाव्या स्तरापासून वरच्या अधिकाऱ्यास ६००० किलो सामान नेण्याचा हक्क आहे आणि रस्त्याने नेल्यास किलोमीटरला ५० रुपये असा दर त्या आदेशाने ठरवून दिला. दोनशे किलोमीटरवर बदली झाली तर नुसत्या सामानाचे दहा हजार. चौथ्या स्तरापर्यंतच्या कनिष्ठ नोकराला मात्र १५०० किलो आणि किलोमीटरला १५ रुपये; म्हणजे शिपायाचे बिऱ्हाड साहेबांच्या बिऱ्हाडाच्या चतुर्थांश वजनाचे असते, हे सरकारने गृहीतच धरलेले आहे. ते असो. तत्त्व रास्त आहे. ज्याच्या कामासाठी माणसाला घर हलवावे लागते, त्याने घर हलविण्याचा खर्च सोसला पाहिजे.

आमचे म्हणणे एवढेच की हे तत्त्व विसरवाडीच्या फाट्यावर उन्हाळ्यात लागू असते आणि दिवाळीनंतर लागू नसते.

दिवाळी सरली की या फाट्यावर दुसरी बिऱ्हाडे हलू लागतात. नवापूर, साक्री, नंदुरबार या तालुक्यांतील भिल्ल, मावची, कोकणी कुटुंबे उसाच्या तोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. बारडोलीच्या परिसरातील साखर कारखान्यांची धुराडी त्यांच्या कोयत्यावाचून पेटत नाहीत. नवराबायको मिळून एक कोयता, अशी तेथील गणती आहे. मोजणीत माणूस नाही, हत्यार आहे. या कोयत्याचे बिऱ्हाड बांधावयास कोणी बनियनवाला येत नाही. ते बांधते घरची बाई. दोन पातेली, तवा, परात, पाण्याची कळशी, नागलीचे किंवा भाताचे गाठोडे, गोधड्या, पालासाठी प्लास्टिकचा कागद, कोयत्याची जोडी. कोंबड्या टोपलीखाली झाकून बरोबर घ्यावयाच्या. शेळ्या मागे राहणाऱ्या म्हातारीकडे सोपवावयाच्या. शाळेत जाणारे पोर मागे ठेवावे की बरोबर न्यावे, याचा निर्णय तेथेच उभ्या उभ्या होतो. आणि धाकटे सांभाळावयास कोणी हवे म्हणून मोठी मुलगी बहुधा गाडीत चढते. दाराची कडी तारेने बांधली की झाले. चार-सहा महिन्यांचा संसार ट्रकच्या हौद्यात पडतो, त्यावर बायका-मुले बसतात आणि मुकादम केबिनमध्ये बसतो.

या ट्रकमधील माणसांची कायद्यापुढे स्थिती काय आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. माल हरवला किंवा मोडला तर वाहतूकदाराने किती भरपाई द्यावी, याचा हिशेब २००७ च्या रस्ते-वाहतूक कायद्याने घालून दिला आहे. साहेबांच्या आरशाला त्याचे संरक्षण आहे. आता मालट्रकमध्ये बसलेल्या माणसाचे पाहा. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात असा निर्णय दिला की मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाच्या मृत्यूची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात एक अपवाद घातला गेला होता, तो गाडीतून जाणाऱ्या मालाच्या मालकाचा किंवा त्याच्या प्रतिनिधीचा. म्हणजे माणूस म्हणून नव्हे, पातेल्यांचा मालक म्हणून त्या उसतोड्याला विम्याची सावली मिळू शकली असती. पण पुढे न्यायालयाने हेही स्पष्ट केले की असा मालक केबिनमध्ये बसलेला असला पाहिजे. मालावर बसलेला मालक त्यात येत नाही. केबिनमध्ये कोण बसतो, ते वर सांगितलेच आहे. कोंडाईबारीचा घाट किती जीव घेतो हे या भागातील लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या घाटातून हौद्यात बसून येणाऱ्या बाईपेक्षा खोक्यातली कपबशी कायद्याने अधिक सुरक्षित आहे.

यावर उत्तर ठरलेले असते. कारखाने म्हणतात, ही माणसे आमची नव्हेत, मुकादमाची आहेत. मुकादम म्हणतो, मी उचल दिली, ती फेडावयास ते येतात. आणि शहरातील सुशिक्षित म्हणतात, ते तर आपखुशीने जातात, त्यांना कोणी बदलीचा हुकूम दिलेला नाही.

बदलीचा हुकूम दिलेला नाही, हे खरे. पावसाळ्यानंतर पोटापुरतेही काम न देणारी कोरडवाहू जमीन आणि पावसाळ्यातच घेतलेली उचल, या दोन सह्यांचा कागद कोणत्याही सरकारी हुकमाहून अधिक बंधनकारक असतो. साहेबांना बदली रद्द करून घेण्यासाठी मुंबईला खेपा घालता येतात. उचल घेतलेल्या कोयत्याला ती सोय नाही. राहिला प्रश्न माणसे कोणाची याचा. हा प्रश्न संसदेने १९७९ सालीच निकालात काढला होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने भरतीच्या वेळीच प्रत्येक कामगाराला विस्थापन भत्ता देणे ठेकेदारावर बंधनकारक केले: महिन्याच्या मजुरीच्या निम्मे किंवा ७५ रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते. हा भत्ता परत मागावयाचा नाही आणि मजुरीतही धरावयाचा नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ठेकेदाराने तो दिला नाही तर मूळ मालकाने द्यावा, हेही लिहिले होते. मुकादमाच्या आड लपण्याची कारखान्याची वाट तेव्हाच बंद झाली होती. जाण्यायेण्याचा प्रवासभत्ता वेगळा, आणि छायाचित्रासह पासबुक वेगळे.

या ७५ रुपयांचे पुढे काय झाले? विसरवाडीच्या फाट्यावर उभे राहून कोणालाही विचारावे. उचल सर्वांना माहीत आहे, विस्थापन भत्ता कोणाला माहीत नाही. कायद्याने जे बक्षीस नव्हे तर हक्क म्हणून द्यावयास सांगितले, ते व्यवहारात कर्ज होऊन हातात पडले. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकापासून बारडोलीच्या उसाच्या फडात हिंडून ही व्यवस्था जगापुढे मांडली. गुजरातचे साखर कारखाने सहकारी आहेत, हे येथे विसरता कामा नये. सभासद शेतकऱ्याचा ऊस वेळेवर तुटावा म्हणून सहकार, आणि तोडणाऱ्याशी मात्र निखळ भांडवलशाहीचा व्यवहार. २०२२ च्या अखेरीस संघर्षानंतर गुजरात सरकारने तोडीचा किमान दर टनाला २३८ वरून ४७६ रुपये केला, ही मोठी गोष्ट झाली. पण तो दर टनाचा आहे. घर उचलून नेण्याचे त्यात काही नाही.

१९७९ हे वर्ष आणखी एका कारणाने आमच्या जिल्ह्याच्या ध्यानात राहावयास हवे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा प्रसिद्ध झाला. सरदार सरोवरात बुडावयाची महाराष्ट्रातील ३३ गावे ही आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांची. निवाड्याने बुडीत कुटुंबाला पुनर्वसन अनुदान ठरवून दिले ते ७५० रुपये, वाहतूक खर्चासह. सागवानाचे खांब, वासे, कौले, दाणे साठविण्याच्या कणग्या, गुरे, सारे नव्या जागी नेण्याची ती किंमत. आज २०१३ च्या भूसंपादन कायद्यात विस्थापित कुटुंबाला घरसामान, बांधकामाचे साहित्य व गुरे हलविण्यासाठी ५०,००० रुपये देण्याची तरतूद आहे. ७५० चे ५०,००० आपोआप झालेले नाहीत. मणिबेलीपासून पुढे खोऱ्यातील माणसे पाण्यात उभी राहिली, तुरुंगात गेली, तेव्हा देशातील कायद्याला हे मान्य करावे लागले की आदिवासीचे बिऱ्हाडही हलवावयास पैसे लागतात.

जेथे असे कोणी लढले नाही, तेथे काय झाले तेही पाहावे. स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा २०२० च्या व्यवसायसुरक्षा संहितेत विलीन करण्यात आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू झाली. तीत वर्षातून एकदा जाण्यायेण्याचे भाडे ठेवले आहे. विस्थापन भत्ता मात्र गळला आहे. जुना कायदा पाच कामगारांपासून लागू होता, नवी तरतूद दहांपासून आहे. ७५ रुपयांची रक्कम शेहेचाळीस वर्षांत हास्यास्पद झाली होती, हे आम्हांस मान्य आहे; पण किमान रक्कम हास्यास्पद झाली म्हणून ती वाढवावयाची असते. शिवाय निम्म्या मजुरीचा भाग तर महागाईबरोबर आपसूक वाढत होता. भाडे दिले म्हणजे भागले, असे म्हणणाऱ्याने एवढेच सांगावे की साहेबांना तिकिटाबरोबर ८० टक्के वेतन कशासाठी देतात. तिकीट प्रवाशाचे असते. घर मोडून दुसरीकडे मांडताना जे जे तुटते, सांडते, मागे राहते, मुलाची शाळा, म्हातारीचे औषध, नव्या जागी पहिल्या आठवड्याचे जळण आणि मीठमिरची, त्याचे म्हणून ते अनुदान असते. साहेबांच्या बाबतीत हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

आता त्या बनियनवाल्या पोरांविषयी. रोज नवा मालक, रोज नवे घर, ओझे मात्र तेच, अशा कामासाठीच १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्राने केला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पुण्यात जे झगडे केले, त्यांतून मजुरी मंडळात जमा होण्याची, भविष्यनिर्वाह निधीची, भरपगारी रजेची सोय हमालाच्या वाट्याला आली. घरसामान हलविण्याचा धंदा या कायद्याच्या हेतूत चपखल बसतो. तरी कंपनीच्या गाडीवरील पोरगा मंडळाच्या नोंदवहीत क्वचितच असतो. तो कंपनीच्या जाहिरातीतच असतो, हसऱ्या चेहऱ्याने. माथाडीच्या नावाने वाराई मागणारे, हात न लावता मजुरी वसूल करणारे टोळभैरव शहरांत आहेत आणि त्यांनी सामान्य गृहस्थाला पिडले आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ती खंडणी आहे व तिच्यासाठी फौजदारी कायदा पुरेसा आहे. पण २०२३ साली शासनाने या खंडणीखोरांकडे बोट दाखवून माथाडी कायद्याच्याच दुरुस्तीचे विधेयक आणले, आणि संघटनांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. उंदीर झाले म्हणून कणगीच जाळावी, अशातला तो प्रकार होता.

आमच्या चळवळीतील शिक्षक, कर्मचारी, बँकवाले मित्र बदलीच्या अनुदानासाठी, आदिवासी क्षेत्रातील एकस्तर वेतनश्रेणीसाठी लढले आणि त्यांनी ते मिळविले. आम्ही त्यांच्या मोर्च्यांत होतो. त्यांच्या संघटनांनी नंदुरबारच्या पुढील मोर्च्यात एक ओळ आपल्या मागणीपत्रकात घालावी, एवढीच अपेक्षा आहे: विस्थापन भत्ता संहितेत परत आणा, मजुरीच्या निम्म्याहून कमी नको, कोयता कुटुंबागणिक, आणि माणसे ट्रकच्या हौद्यातून नव्हे, बसने. एस.टी. महामंडळाच्या गाड्या लग्नाच्या वऱ्हाडांना मिळतात. कारखान्यांच्या खर्चाने तोडीच्या टोळ्यांनाही त्या मिळू शकतात. नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, तेथे एका बाकावर बसून दोन्ही राज्यांच्या कामगार अधिकाऱ्यांना हे ठरविता येईल.

तोवर गावाच्या हातात जे आहे ते करावे. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला येथे काही वजन दिले आहे. साहेबांच्या खुर्च्यांची यादी तीन प्रतींत झाली होती. फाट्यावरून निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद, कोण गेले, बरोबर मुले किती, मुकादम कोण, कारखाना कोणता, उचल किती, ट्रकचा क्रमांक काय, एवढी एका वहीत होऊ शकते. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पोलीस ठाण्यात, एक जाणाऱ्या बाईच्या हातात. दिवाळीआधीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालण्यासाठी गांधीनगरची किंवा मुंबईची परवानगी लागत नाही.