किती वेळ थांबायचं, की कशासाठी थांबायचं?



मुलांना कोडिंग शिकवताना आपण सगळ्यात घाईत उरकतो तो भाग म्हणजे 'थांबणं'. वेटचा ब्लॉक दाखवला, सेकंदांचा आकडा टाकायला सांगितला, की झालं. मीही हेच करत होते. आता मात्र मला वाटतं, इथेच आपलं चुकतंय.

सातवीतल्या एका मुलीनं स्क्रॅचमध्ये मांजर आणि कुत्र्याचा संवाद तयार केला. मांजर २ सेकंद बोलणार, तोवर कुत्रा २ सेकंद थांबणार, मग तो उत्तर देणार. छान चाललं. मग तिनं मांजराला आणखी एक वाक्य दिलं आणि कुत्रा मध्येच बोलायला लागला! ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, "अगं, कुत्र्याचे सेकंद वाढव." तिनं वाढवले. पुढचं वाक्य बदललं, पुन्हा बिघडलं. तासभर ती आकडेच बदलत बसली. चूक तिची नव्हती, मी दिलेल्या उत्तराची होती.

स्क्रॅचमध्ये प्रत्येक स्क्रिप्ट स्वतंत्रपणे, एकाच वेळी चालते. संगणकाच्या भाषेत हा एकेक 'थ्रेड', म्हणजे धागा. वेट ब्लॉकमुळे फक्त तोच धागा थांबतो, बाकीचे चालूच राहतात. मांजर काय करतंय हे कुत्र्याच्या धाग्याला माहीतच नसतं, तो फक्त सेकंद मोजतो. म्हणजे आपण मुलांना अंदाज बांधायला शिकवतो, समन्वय नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुत्र्याचे सगळे सेकंद काढून टाकले. मांजराचं बोलणं संपलं की ते ब्रॉडकास्टनं संदेश पाठवणार, आणि तो संदेश मिळाला की कुत्रा बोलणार. आता वाक्यं कितीही वाढवा, संवाद बिघडत नाही.

हा फक्त लहान मुलांच्या खेळाचा प्रश्न नाही बरं का. जावा भाषेत एका धाग्यानं दुसऱ्याला बाहेरून थांबवायची 'सस्पेंड' नावाची सोय होती. १९९८ च्या जावा १.२ पासून ती वापरू नये असं ठरलं. कारण सोपं आहे. समजा, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली खिशात असलेल्या मुलालाच आपण "स्टॅच्यू!" म्हटलं आणि त्याला सोडवणाऱ्याला आधी त्याच कपाटातलं पुस्तक हवं असलं, तर? दोघंही अडकले. जावातल्या 'स्लीप'मध्येही किल्ली खिशातच राहते, फक्त ठरलेल्या वेळेनं तो धागा आपोआप उठतो. 'वेट'मध्ये मात्र आधी किल्ली परत ठेवायची, मग कुणी हाक मारेपर्यंत थांबायचं.

काही सहकारी म्हणतात, "सेकंद मुलांना लवकर कळतात, सुरुवातीला तेच बरं." सुरुवात करायला माझी हरकत नाही. दिवा दर सेकंदाला लुकलुकवायचा असेल, टाळ्यांचा ठेका धरायचा असेल, तर सेकंदच योग्य. पण दुसऱ्याचं काम संपण्याची वाट बघायची असेल, तर सेकंद मोजणं चूकच.

यासाठी संगणकही लागत नाही. वर्गात दोन मुलांना संवाद वाचायला द्या. एकदा दुसऱ्यानं मनात पाच आकडे मोजून बोलायचं, एकदा पहिल्यानं खूण केल्यावर. फरक मुलं स्वतःच सांगतील. पालकांनीही मुलाचा प्रोजेक्ट बघताना "वा, छान!" एवढ्यावर थांबू नये. एक प्रश्न जरूर विचारावा, "हा इथे कशाची वाट बघतोय?"

याचं उत्तर "दोन सेकंदांची" असं आलं, तर शिकवणं अजून बाकी आहे. मुलाचं नव्हे, आपलं.