पुस्तकात भाजी कोण निवडतं?

‘शाळेत शिकवतेसच ना, मग आता एम.एड. कशाला?’ नोकरी करून पुढे शिकू पाहणाऱ्या शिक्षिकांना हे हमखास ऐकावं लागतं. आमच्या खराडीत तर आयटी कंपन्यांचं राज्य. इथे कम्प्युटरच्या पदवीला मान. ‘अभ्यासक्रमाचे सिद्धांत शिकतेय’ म्हटलं, की समोरचा विषयच बदलतो.

मला मात्र हा विषय बायकांनी आवर्जून शिकावा असा वाटतो. काय शिकवायचं, कसं शिकवायचं, मुलांना ते आलं हे कसं ओळखायचं, अशी मांडणी अमेरिकेत राल्फ टायलरनं १९४९ मध्ये केली. पुढे मायकेल अॅपलनं विचारलं, पुस्तकात येतं ते ज्ञान कोणाचं? आपल्या जोतिरावांनी तर १८८२ मध्येच हंटर आयोगाला सांगितलं होतं, की प्राथमिक शाळेत हिशेब, शेतीची आणि आरोग्याची माहिती शिकवा. तोही अभ्यासक्रमाचाच विचार की!

२०१९ चा जून आठवतो? बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं आणि केवढा गदारोळ झाला! विधानसभेतसुद्धा थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जुने शब्द काढलेले नाहीत. जोडाक्षरांमुळे काही मुलं गणितालाच घाबरतात, त्यांच्यासाठी ही सोय आहे. ‘त्र्याण्णव’ लिहिताना रडकुंडीला आलेलं मूल ज्या आईनं पाहिलंय, तिला हे लगेच कळावं. पण चर्चा रंगली ती मराठीच्या अस्मितेची. मूल राहिलं बाजूला.

त्याच वर्षी दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघंही भाजी निवडतायत असं चित्र आलं. बोलून न दाखवता शाळा जे शिकवते, त्याला ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हणतात. वर्षानुवर्षं चित्रात आई स्वयंपाकघरात आणि बाबा पेपर वाचतायत, हा धडा मुलींनी न शिकवता पाठ केला. परीक्षेत न येताही तो जन्मभर लक्षात राहिला! म्हणून मला ते भाजीचं चित्र ‘वीस एक’पेक्षाही मोठं वाटतं.

राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा २०२४ च्या मे महिन्यात लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला होता. असा कागद एकटीनं वाचायचा म्हणजे कंटाळाच, खरं आहे. पण पुढचा मसुदा येईल तेव्हा गावातल्या शिक्षिकेला भिशीच्या दिवशी बोलवावं, तिनं सोप्या भाषेत समजावून सांगावं आणि आपल्या सूचना तिथेच लिहून पाठवाव्यात.